मुलीचे दात वेडेवाकडे आलेत: तारा आत्ता लावाव्यात की थांबावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव तालुक्यातल्या एका ताईंची मुलगी साडेअकरा वर्षांची, सहावीत शिकते. वरचे पटाशीचे दात पुढे आलेत, उजवा सुळा हिरडीत उंचावरून डोकावतोय, खालचे दात एकमेकांवर चढलेत. सातव्या वर्षी खालची उजवी दुधाची दाढ किडली म्हणून काढून टाकली होती, डावीकडची अजून तोंडात आहे. एका दवाखान्यात सांगितलं, चार दात काढून लगेच तारा लावा. दुसरीकडे म्हणाले, १८ पूर्ण होऊ द्या. सासूबाईंचं म्हणणं, वरचा दात काढला की नजर अधू होते, आणि दातांचं काय ते लग्नाच्या वेळी बघू. मोबाइलवर जाहिरात येते ते घरपोच पारदर्शक साचे घ्यावेत का, आणि स्वतःच्या ३६व्या वर्षी दात सरळ होतील का, हेही त्यांनी विचारलंय.

ताई, सांगलीत दात सरळ करण्याचं काम करायला लागून मला २२ वर्षं झाली. तोंड बघितल्याशिवाय इलाज सांगणं बरोबर नाही, तो मी सांगणार नाही. पण तुमच्या प्रश्नातच एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मी आजच लिहायला बसले. डावीकडची दुधाची दाढ अजून तोंडात आहे, असं तुम्ही सहज लिहून गेलात. मला त्या दाढेची सगळ्यात जास्त काळजी आहे. सुळ्यापेक्षाही.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, दुधाचा दात नेमकं तेच करतो. खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा तो धरून ठेवतो. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती येताना एकही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे दहापैकी आठ आया तिला दुधाचीच समजतात. या दाढेला पुढे सरकायची ओढ असते. पुढची दुधाची दाढ जाग्यावर असेल तर ती तिथेच थांबते. ती दाढ काढली आणि जागा मोकळी राहिली, की मागची दाढ हळूहळू पुढे कलते आणि रुमाल उचललेल्या सीटवर बसून टाकते. मग दहाव्या-अकराव्या वर्षी ज्या उपदाढेची, म्हणजे सुळा आणि मोठी दाढ यांच्यामधल्या कायमच्या दाताची, ती हक्काची जागा होती, ती बिचारी आतल्या बाजूला नाहीतर तिरकी उगवते, किंवा हाडातच अडकून पडते. तुमच्या मुलीच्या उजव्या बाजूला असंच काहीसं झालं असावं.

‘पडणारच आहे की तो दात, कशाला पैसे घालायचे?’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकून आता मला वाईटच वाटतं. दुधाची मागची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायची असते. पाचव्या वर्षी तिला कीड लागली तर अजून सहा-सात वर्षं तिने काम करायचं असतं. तिच्यात सिमेंट भरता येतं, लहान मुलांचं रूट कॅनल होतं, वर स्टीलची टोपी बसवता येते. काढावीच लागली, तर जागा धरून ठेवायला एक छोटी तारेची कडी बसवतात. ती कडी त्या वेळी बसली असती तर आज उजवीकडचं चित्र कदाचित वेगळं असतं. यात तुमचा दोष नाही. ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलीच नाही.

आता डावीकडे या. दुधाची दुसरी दाढ तिच्या जागी येणाऱ्या उपदाढेपेक्षा रुंद असते. ती पडते तेव्हा खालच्या जबड्यात एका बाजूला साधारण अडीच मिलिमीटर जागा शिल्लक राहते. निसर्ग ही जागा मागच्या दाढेला पुढे यायला देतो. पण दुधाची दाढ पडायच्या आधी आम्ही खालच्या दाढांना आतल्या बाजूने एक तार बसवली, तर ती जागा पुढच्या गर्दीसाठी वापरता येते. ऐकायला अडीच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. दातांच्या हिशेबात ते फार आहे. एका जबड्यात चार मिलिमीटरपर्यंतची गर्दी बहुधा दात न काढता सुटते. दहाच्या पुढे गेली की दात काढण्यावाचून सहसा मार्ग नसतो. मधल्या पट्ट्यात दोन्ही शक्य असतं, आणि तिथेच एकेका मिलिमीटरवर निर्णय इकडचा तिकडे होतो. म्हणून दाढ हलायला लागायच्या आत मुलीला दाखवा.

चार दात काढायचा सल्ला चुकीचाच होता, असं मी म्हणणार नाही. एक उपदाढ साधारण सात मिलिमीटर रुंद असते. प्रत्येक जबड्यात दोन काढल्या की चौदा मिलिमीटर जागा मिळते, आणि जिथे गर्दीही फार आहे आणि दातही पुढे आलेत तिथे तोच उत्तम मार्ग असतो. मी स्वतः अनेक मुलांचे दात काढायला लावलेत, त्यांचे चेहरे छान झालेत. पण त्याआधी पूर्ण तोंडाचा ओपीजी एक्स-रे, बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे, दातांचं माप किंवा स्कॅन, आणि चेहऱ्याचे फोटो, एवढं झालं होतं का? नुसतं खुर्चीवर बसवून ‘चार काढावे लागतील’ म्हटलं असेल तर दुसऱ्यांदा विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नजरेचं मात्र सासूबाईंना नीट समजावून सांगा, हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडच्या बहुतेक आज्ज्यांच्या मनात ही भीती आहे आणि ती कुठून आली तेही कळतं. पूर्वी दात काढायची वेळ चाळिशीत यायची, आणि चष्माही चाळिशीतच लागायचा. शिवाय वरच्या सुळ्याला पू झाला की डोळ्याखाली सूज चढते. दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्या की माणूस जोडणारच. प्रत्यक्षात बघण्याची नस वेगळी आणि दाताला संवेदना देणारी नस वेगळी, दोन्ही मेंदूतून स्वतंत्र निघतात. वरचा दात काढल्याने नजर कमी होत नाही.

१८ वर्षांपर्यंत थांबायचा सल्ला मला अजिबात पटत नाही, आणि इथे जरा सविस्तर लिहायला हवं. वरचे दात पुढे दिसतात तेव्हा खरोखर वरचे दातच पुढे आलेत की खालचा जबडा मागे राहिलाय, हे आधी ठरवावं लागतं. आमच्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये खालचा जबडा मागे असणं फार आढळतं. मूल वाढत असताना त्या वाढीचा उपयोग करून घेता येतो. ट्विन ब्लॉकसारखं काढता-घालता येणारं उपकरण असतं, ते घालून मूल खालचा जबडा पुढे धरायला शिकतं, आणि वाढीचा जोर असेल तर दाढांची बैठक सुधारते, चेहऱ्याची ठेवणही बदलते. हा जोर वयात येण्याच्या सुमारास असतो. मुलींमध्ये तो मुलांपेक्षा साधारण दोन वर्षं आधी येतो आणि पाळी सुरू व्हायच्या आधीच बहुधा शिगेला पोचलेला असतो. म्हणून मी आईला हळूच बाजूला घेऊन विचारते, पाळी सुरू झाली का, वर्षभरात उंची किती वाढली, पायातल्या चपला किती वेळा बदलल्या. दातांच्या दवाखान्यात हे प्रश्न ऐकून आया गोंधळतात, पण माझा अर्धा निर्णय त्या उत्तरावर असतो. एक्स-रेमध्ये मानेच्या मणक्यांचा आकार बघूनही वाढीचा अंदाज घेता येतो. तुमची मुलगी आज नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. १८व्या वर्षी दात सरळ होतील, पण जबडा वाढायचा तो वाढून झालेला असेल. तेव्हा मोठा फरक सुधारायचा तर शस्त्रक्रिया, नाहीतर दातांची जुळवाजुळव करून तो फरक झाकायचा, एवढंच हातात राहतं.

पुढे आलेल्या दातांचा दुसरा धोका म्हणजे मार. ओठ त्यांना झाकत नाहीत, त्यामुळे सायकलवरून पडणं, खो-खोत आपटणं, शाळेच्या नळावर धक्का लागणं, पहिला घाव तेच झेलतात. अशा मुलांमध्ये पुढचे दात दुखावण्याचा धोका इतरांच्या जवळपास दुप्पट असतो. ओघात आलंच आहे तर हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. कायमचा दात मुळासकट निघून पडला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मूळ घासू नका, पुसू नका. जमत असेल तर तिथल्या तिथे परत बसवा, नाहीतर कपभर दुधात टाकून तासाभराच्या आत दवाखाना गाठा. दूध आपल्याकडे कोणत्याही वस्तीवर मिळतं. दुधाचा दात पडला असेल तर मात्र परत बसवायचा नसतो.

सुळ्याबद्दल. वरचा सुळा पुढच्या दातांत सगळ्यात शेवटी, ११-१२व्या वर्षी येतो, म्हणून उरलेल्या जागेत त्याला मावावं लागतं. उंचावर, बाहेरच्या बाजूला दिसतोय म्हणजे निदान तो आहे आणि त्याचा रस्ताही कळतोय. मला जास्त चिंता न दिसणाऱ्या सुळ्याची असते. डावा सुळा आलाय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दहा-साडेदहाच्या पुढे हिरडीवर बोट फिरवून फुगवटा लागत नसेल तर तो टाळूकडे वळलेला असू शकतो, आणि पुढच्या दाताच्या मुळाला घासून ते झिजवू शकतो. वेळेत कळलं तर नुसता दुधाचा सुळा काढून आणि जागा करून देऊन तो कित्येकदा आपल्या वाटेला लागतो. हे एक्स-रेवर बघून घ्या. आणि कुणी ‘दिसायला खराब आहे, काढून टाका’ म्हणालं तर सुळा सहज काढू देऊ नका, त्याचं मूळ पुढच्या दातांत सगळ्यात लांब आणि भक्कम असतं.

आता तारा काय करतात ते. तार दात ओढून काढते असं वाटतं म्हणून मुलं घाबरतात. दात आणि हाड यांच्यामध्ये अगदी बारीक धाग्यांचा थर असतो. दातावर हलका, सततचा दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड शरीर स्वतः विरघळवतं आणि मागच्या बाजूला नवीन हाड भरतं. असं करत दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. जास्त जोर लावला तर दात लवकर जात नाही, उलट त्या जागेचा रक्तपुरवठा अडतो आणि काम रखडतं, मुळालाही इजा पोचते. म्हणून ‘सहा महिन्यांत करून द्या’ म्हणणाऱ्या पालकांना मी नाही म्हणते. दीड ते दोन वर्षं धरून चाला, दर चार ते सहा आठवड्यांनी एक फेरी.

पहिले तीन-चार दिवस दात ठणकतात. मऊ भात, वरण, आमटीत कुस्करलेली भाकरी, शिरा असं द्या. नंतर सगळं खाता येतं, थोडं सांभाळून. आपल्या भागातल्या मुलांना मी हीच यादी सांगते: भडंगातले शेंगदाणे नकोत, ऊस दातांनी सोलून खायचा नाही, चिक्की नाही, कणीस किसून किंवा दाणे काढून, पेरू-सफरचंदाच्या फोडी करून. द्राक्षं खुशाल खा. बेदाणा मात्र घरचा असला तरी दाताला चिकटून बसतो आणि त्यात साखर भरपूर असते, तो खाल्ल्यावर लगेच चूळ भरून ब्रश करायचा. गळीत हंगामात माझ्याकडे तुटलेल्या ब्रॅकेटची, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या छोट्या तुकड्यांची, रांग लागते. प्रत्येक तुटलेलं ब्रॅकेट म्हणजे इलाज महिनाभर लांबला असं समजा.

तुटण्यापेक्षाही वाईट आहे ते न घासणं. ब्रॅकेटच्या भोवती अन्न साचलं तर महिनाभरातसुद्धा दातावर खडूसारखे पांढरे डाग पडायला लागतात. ती किडीची पहिली पायरी. तारा निघतात, दात ओळीत येतात आणि प्रत्येक दातावर चौकोनी पांढरी चौकट उरते. ते बघून माझा जीव तुटतो. ज्या घरात रात्रीचा ब्रश होत नाही त्या मुलाच्या तारा मी दोन-तीन महिने पुढे ढकलते, आधी सवय लावा म्हणते. पालकांना राग येतो, पण मी त्यावर ठाम आहे. फ्लोराइडची पेस्ट वापरा. नळीवर आकडा छापलेला असतो, तो १००० पीपीएम किंवा त्याहून जास्त हवा. घासून झाल्यावर थुंका आणि पाण्याने खळखळून चुळा भरू नका, थोडं फ्लोराइड दातांवर राहू द्या. तारांच्या मधून जायला बारीक बाटलीच्या ब्रशसारखा छोटा ब्रश मिळतो, तो घ्या.

घरपोच साच्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. पारदर्शक अलाइनर ही पद्धत वाईट नाही, मीही वापरते. पण ते दिवसातून २० ते २२ तास घालावे लागतात, खाताना आणि चहा पिताना काढावे लागतात. सहावीतली मुलगी डब्याच्या सुट्टीत ते रुमालात गुंडाळणार आणि विसरणार. शिवाय घरी ठसा घेऊन साचे पाठवणाऱ्याने तुमचा एक्स-रे पाहिलेला नसतो. सुळा हाडात कुठे आहे, हिरडी कशी आहे, मुळाखाली पू आहे का, हे न बघता दात हलवायचे म्हणजे पाया न बघता वर मजला चढवणं. तुमच्या मुलीला आत्ता जागा आणि जबडा या दोन गोष्टी हव्यात. त्या टपालाने येत नाहीत.

खर्चाचं विचारलं नाहीत, पण मनात असणारच. खाजगीत धातूच्या साध्या तारांनाही पाच आकडी रक्कम लागते. रंगाने दातासारख्या दिसणाऱ्या सिरॅमिकला जास्त, अलाइनरला त्याहून जास्त. काम तिन्ही करतात, आणि लहान मुलांत मी अजून धातूच्या तारांनाच पहिली पसंती देते. पैसे बहुतेक ठिकाणी हप्त्याने घेतात. ते अवघड असेल तर आपल्या भागात डेंटल कॉलेजं आहेत: सांगलीत भारती विद्यापीठाचं, तुमच्या वाटेवरच कवलापूरला वसंतदादा पाटलांच्या नावाचं, पलीकडे कराडला कृष्णाचं. कॉलेजच्या ऑर्थो, म्हणजे दात सरळ करण्याच्या, विभागात पदव्युत्तर विद्यार्थी अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, फेऱ्या वाढतात, पण खर्च बराच कमी आणि नोंदी काटेकोर. मी स्वतः कित्येक मुलांना तिकडे पाठवलंय, आणि पाठवताना मनात कमीपणा वाटला नाही.

डॉक्टर कोण हे विचारायला लाजू नका. बीडीएस म्हणजे पाच वर्षांचं शिक्षण, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. त्यापुढे तीन वर्षं फक्त दातांची रचना शिकून एमडीएस होतो तो ऑर्थोडॉन्टिस्ट. तालुक्याच्या गावात असे डॉक्टर बहुधा महिन्यातून एक-दोनदा येतात, आणि ती सोय चांगली आहे. फक्त विचारून ठेवा की मधल्या काळात तार टोचली तर कोण बघणार, आणि दोन वर्षं हेच डॉक्टर येणार का.

आता एक कबुली. सुरुवातीच्या वर्षांत मी रिटेनरबद्दल, म्हणजे तारा निघाल्यावर दात नव्या जागी धरून ठेवणाऱ्या उपकरणाबद्दल, पाच मिनिटंसुद्धा बोलत नसे. तारा काढल्या, आरसा दिला, सगळे खूश, ‘हा रात्री घालत जा’ एवढं म्हणून संपलं. विट्याकडची एक मुलगी बारावीनंतर पुण्याला हॉस्टेलवर गेली. दीड वर्षाने परत आली तेव्हा खालचे दात पुन्हा चढलेले. रिटेनर पहिल्याच महिन्यात मेसच्या ताटाबरोबर कचऱ्यात गेला होता, आणि परत करून घ्यायचा असतो हे तिला माहीत नव्हतं, कारण मी ठासून सांगितलं नव्हतं. वडिलांनी दोन द्राक्षहंगामांच्या पैशातून तो इलाज केला होता. तेव्हापासून तारा लावायच्या आधीच मी रिटेनर हातात देऊन दाखवते. दाताच्या मानेभोवतीच्या हिरडीतले धागे नव्या जागी स्थिरावायला वर्षभर लागतं, तोवर ते दाताला जुन्या जागी ओढत राहतात. आणि वयाबरोबर खालचे पुढचे दात दाटत जातात, ते तारा न लावलेल्यांचेही. म्हणून पहिलं वर्ष मन लावून, आणि पुढे रात्रीचा रिटेनर जितकी वर्षं जमेल तितकी.

आणि तुमचं स्वतःचं, ताई. ३६ हे वय अजिबात उशिराचं नाही. दात सरकायला वयाची अट नाही, हिरडीची आहे. हिरडीतून रक्त येत असेल, दात हलत असतील, तर आधी तो आजार आटोक्यात आणायला हवा. सुजलेल्या हिरडीत दात सरकवले तर हाड आणखी घटतं. घरात मिश्री लावतात का, हेही मी विचारणारच. दात दुखला म्हणून कुणीतरी चिमूटभर देतं आणि मग सकाळ-संध्याकाळ सुटत नाही, असं मी आपल्या भागातल्या किती बायकांचं पाहिलंय. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. तिने दात स्वच्छ होत नाहीत, हिरडी खाली जाते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तुम्ही किंवा सासूबाई लावत असाल तर रागावणार कुणी नाही, फक्त लपवू नका. मुलीसोबत याल तेव्हा तुमचीही तपासणी करून घ्या.

मुलगी हसताना तोंडावर हात ठेवते, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. ते लग्नाच्या वयापर्यंत तसंच ठेवायची काही गरज नाही. पण तारा लावायला तिचं मन आहे का, हे तिलाच विचारा, माझ्यासमोर विचारलंत तरी चालेल. ब्रश तिला करायचाय, ट्विन ब्लॉक तिला घालायचाय.

येताना जुना एक्स-रे असेल तर आणा, कितीही जुना. दिवाळीची सुट्टी लागू द्या म्हणून थांबू नका, डावीकडची दाढ तोवर थांबेल याचा भरवसा नाही. आज रात्री ब्रश करताना ती बोटाने हलवून बघा. हलत असेल तर येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की तशीच एसटीत बसवून घेऊन या.